अंतरराष्ट्रीय शिक्षा सप्ताह

आमच्या विद्यापीठाच्या फाटकावर ‘अंतरराष्ट्रीय शिक्षा सप्ताह’ असा कापडी फलक लागला. संध्याकाळी घरी येऊन मी ही बातमी सांगितली, तेव्हा बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि काळजीच्या सुरात विचारलं, “आठवडाभर? एवढा काय गुन्हा केलाय पोरांनी?”

लखनौच्या मराठी घरांत हा विनोद दर वर्षी नव्याने व्हायचा. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तरी हसायचो. परमुलखात माणसाला हसायला स्वतःच्या मालकीचं काहीतरी लागतं, आणि आमच्याकडे हे शब्द होते.

बाबा मूळचे साताऱ्याचे. रेल्वेच्या संशोधन संस्थेत इंजिनिअर म्हणून ते लखनौला आले, तेव्हा मी कडेवर होते. मानक नगरच्या कॉलनीत आम्हाला क्वार्टर मिळालं. बाबा संशोधन करतात असं आईने शेजारणीला अभिमानाने सांगितलं. हिंदीत संशोधन म्हणजे चुकीची दुरुस्ती. शेजारणीने सहानुभूतीने विचारलं की भाईसाहेबांच्या हातून इतक्या चुका होतात का. तिथपासून बाबांनी असे शब्द गोळा करायला सुरुवात केली. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. हिंदीत यंत्रणा म्हणजे यातना. सरकारी यंत्रणेच्या बाबतीत दोन्ही भाषांचं एकमत आहे, असं बाबा म्हणत. आणि त्यांचा सगळ्यात लाडका शब्द होता राजीनामा. लखनौत आल्या आल्या त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं की जमिनीसाठी भांडणाऱ्या दोन भावांमध्ये राज़ीनामा झाला. बाबांना प्रश्न पडला, भावाच्या पदाचा राजीनामा देतात कोणाकडे? मग कचेरीतल्या कोणीतरी समजावलं की इथे राज़ीनामा म्हणजे दोघांची संमती, कोर्टकचेरीतली तडजोड. ही गोष्ट व्हरांड्यात निदान महिन्यातून एकदा व्हायची आणि सगळ्यात आधी हसायची ती माझी मैत्रीण.

ती आलमबागची. तिच्या वडिलांचं तिथल्या बाजारात सूटकेस आणि बॅगांचं दुकान होतं, वर घर. बी.ए.पासून आम्ही एका बाकावर होतो, आणि एम.ए.ला आल्यावर तर ती आठवड्यातले निम्मे दिवस आमच्याकडेच जेवायची. ऐकून ऐकून तिला मराठी येऊ लागलं होतं. बोलायची कमी, पण समजायचं सगळं. मी उलट. मी घरची, मला समजायचं सगळं आणि उत्तर द्यायचे हिंदीत. आई भाजी वाढता वाढता म्हणायची, “ती बघ. परक्याची पोर असून ‘काकू, अजून थोडं वरण’ म्हणते. आणि आमचं रत्न म्हणतं, ‘मम्मी, दाल देना.’”

हे वाक्य आईने किती सहज म्हटलं असेल. मी ते फार जपून ठेवलं.

आता त्या सप्ताहाविषयी. देशाची दारं नुकतीच उघडली होती आणि जगातलं जे जे काही आत येत होतं त्यात आमच्या विद्यापीठाच्या वाट्याला जागतिकता आली. (विद्यापीठाचं नाव मी सांगणार नाही. त्याने माझं काही वाईट केलेलं नाही, उलट नको तितकं चांगलं केलं.) मोडक्या बाकांची एक खोली होती, ती झाडून घेऊन दारावर पाटी लावली: ‘वैश्विक अध्ययन प्रकोष्ठ’. प्रकोष्ठ म्हणजे कक्ष. बाबांना अर्थातच बद्धकोष्ठ आठवलं आणि त्या दिवसापासून आमच्या घरी त्या खोलीचं नाव ‘जागतिक बद्धकोष्ठ’ पडलं. खोलीत एक टेबल, एक फॅक्स मशीन आणि एक पृथ्वीचा गोल. गोल जुन्या साठ्यातला असल्याने त्याच्यावर सोव्हिएत संघ अजून शाबूत होता. पाहुणे आले की ती बाजू भिंतीकडे करून ठेवायची जबाबदारी आम्हा दोघींवर होती. जगाचा तेवढा भाग आम्ही कोणाला दाखवला नाही.

प्रकोष्ठाचे प्रमुख होते आमचे सर. पुण्याहून वर्षभरापूर्वीच आलेले. सज्जन माणूस, विद्वान माणूस, आणि हिंदीच्या बाबतीत अत्यंत आत्मविश्वासू माणूस. शिपायाला “जरा पाणी आण के दो” असं म्हणायचे आणि तो अदबीने आणूनही द्यायचा. शहरात मराठी माणसं मोजकी, त्यामुळे ते रविवारी आमच्याकडे पिठलंभाकरी खायला यायचे आणि विद्यापीठातही माझ्याशी मराठीतच बोलायचे; त्यांच्यापुढे मीही मराठीच बोलायचे. हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

सप्ताह थाटात झाला. विद्यापीठात परदेशी विद्यार्थी होते तीन: एक मॉरिशसचा, एक सुदानचा, एक नेपाळचा. सातही दिवस त्या तिघांना हार घातले गेले. नेपाळच्या विद्यार्थ्याला सरांनी आपल्या देशाविषयी इंग्रजीत बोलायला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, “सर, हम तो गोरखपुर से बस पकड़कर आते हैं, हिंदी में ही बोल दें?” सर म्हणाले, नाही, त्याने वातावरण जाणार. ‘विश्व हेच एक गाव’ या विषयावर दिल्लीहून आलेल्या पाहुण्यांनी व्याख्यान दिलं. वीज गेली, जनरेटर लावला, तो खिडकीखालीच होता. विश्व हे गाव आहे एवढं शीर्षकावरून कळलं होतं, बाकी काही कोणाला ऐकू आलं नाही. टाळ्या मात्र भरपूर पडल्या, कारण पाहुण्यांचे ओठ हलायचे थांबले होते.

शेवटच्या दिवशी देशोदेशीच्या खाद्यपदार्थांचं दालन. देश कमी पडले म्हणून सरांनी आईला पुरणपोळ्या करायला सांगितल्या आणि तिचं टेबल मॉरिशस आणि नेपाळ यांच्या मध्ये लावलं. येणारा-जाणारा विचारायचा, “बहनजी, यह किस देश का है?” पहिल्या दोघांना आईने समजावलं. तिसऱ्याला म्हणाली, “सातारा.” त्याने “अच्छा, अच्छा” म्हणून आदराने मान डोलावली आणि अजून एक पोळी घेतली.

आता एवढ्या तमाशातून निघालेली एकच खरी गोष्ट. जर्मनीतल्या एका विद्यापीठाने आमच्याकडच्या एका विद्यार्थ्याला एका सत्रासाठी बोलावलं. तिकीट, राहणं, जेवण, सगळं त्यांचं. जागा एक. मुलाखती झाल्या. पहिली आली माझी मैत्रीण, दुसरी मी. ती न गेली तरच मी.

हे मला अपेक्षित होतं. मी तिला मिठी मारली आणि आम्ही हजरतगंजात जाऊन आइस्क्रीम खाल्लं. तोपर्यंत माझ्या वागण्यात काही खोट नव्हती, हे मी स्वतःच्या बाजूने नोंदवते, कारण यापुढे माझ्या बाजूने नोंदवण्यासारखं फारसं नाही.

अडचण तिच्या घरी आली. तिचे पापाजी नाही म्हणाले. रागावून नव्हे, रडवेल्या तोंडाने नाही म्हणाले, आणि ते जास्त अवघड असतं. एकटी मुलगी, एवढ्या लांब, आजारी पडली तर कोण. ती आठवडाभर घरी भांडली, मग रडली, मग तिने बोलणं टाकलं. पापाजी दिवसभर लोकांना प्रवासाच्या बॅगा विकत आणि रात्री जिन्यावर बसून राहत. अखेरीस ती सरांकडे गेली आणि म्हणाली की घरच्यांना कोणीतरी समजवा. सरांनी मला बोलावलं. त्यांना वाटलं मीच योग्य. “तुला त्यांची ती नजाकत जमते. मी गेलो तर काहीतरी भलतंच बोलून बसेन.” तिच्यानंतर माझाच नंबर आहे, हे सरांच्या डोक्यातही आलं नाही. आपल्या माणसांत कसली आलीय स्पर्धा, असं मानणाऱ्या पिढीतले ते.

तिनेही मलाच सांगितलं. “यार, तू बोल ना पापाजी से. तुझ पर भरोसा है उन्हें.”

मी गेले. आणि मी चांगलं बोलले, हे सांगायला हवं. वसतिगृह फक्त मुलींचं आहे, आठवड्यातून फोन करता येतो, तिकडे आपलीही माणसं असतात, सगळं सांगितलं. पापाजी स्टुलावर बसून ऐकत होते. मध्येच एका गिऱ्हाईकाला त्यांनी कुलपाची किल्ली कशी फिरवायची ते दाखवलं, परत येऊन बसले. चहा आला, समोसे आले, दुसरा चहा आला. शेवटी ते उठले, वरच्या फळीवरून एक सूटकेस काढली. निळी, खाली चाकं असलेली. तेव्हा चाकांची सूटकेस ही नवलाई होती; दुकानात तेवढी एकच होती आणि विकत घेण्यापेक्षा लोक ती ढकलून बघायलाच जास्त यायचे. पापाजींनी फडक्याने ती पुसली आणि गल्ल्याच्या मागे, गिऱ्हाइकांच्या नजरेआड ठेवली.

“ठीक है, बेटी,” ते म्हणाले. “हम राज़ी हैं. सर से कह देना.”

मैत्रीण त्या वेळी घरी नव्हती, मावशीकडे गेली होती. तिला घरी आल्यावर पापाजी सांगणार होते. सरांना मी सांगायचं होतं. काम एवढंच होतं.

आलमबागहून मी टेंपोत बसले. टेंपोत माणसं कोंबलेली, माझ्या मांडीवर कोणाची तरी भाजीची पिशवी. मला आठवतं त्याप्रमाणे मी तेव्हा आनंदातच होते. आपण एक अवघड काम पार पाडलं, असा आनंद. आता आई काय म्हणेल, तेही मनात चाललं होतं. आई म्हणणार होती, “बघ, पोरगी कुठच्या कुठे चालली. आणि तू?” एवढंच. यात काही विशेष नव्हतं, पण चारबागपर्यंत येईतो ‘राज़ी’ हा शब्द माझ्या तोंडात घोळत होता आणि गोमतीच्या पुलावर मला त्याच्यापुढे ‘नामा’ दिसला.

मी त्याला बोलावलं नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. पण पूल लांब आहे, टेंपो हळू चालतो. नको म्हणायला वेळ होता.

सर प्रकोष्ठात एकटेच होते. गोलावरची धूळ झटकत होते.

“काय गं, काय म्हणाले?”

“सर, तिच्या वडिलांनी राजीनामा दिला.”

राज़ी या हिंदी शब्दातल्या ज खाली एक टिंब असतं. लखनौत वाढलेल्या माझ्यासारखीच्या जिभेवर ते आपोआप येतं, काढायचं म्हटलं तर जाणूनबुजून काढावं लागतं. त्या दिवशी माझा ज स्वच्छ होता. शनिवार पेठेत ऐकू येईल असा.

सर मटकन खुर्चीत बसले. “अरेरे. म्हणजे माघार घेतली. तू समजावून सांगितलंस ना सगळं?”

“सांगितलं, सर.” हेही खरंच होतं.

“मग आता तूच. बघ, नशीब म्हणतात ते हेच.” त्यांनी लगेच माझ्या नावाचा फॅक्स केला. माझा पासपोर्ट तयार होता, अधिकाऱ्याच्या घरात असतात तशा सगळ्याच वस्तू आमच्याकडे तयार असायच्या. फॅक्स मशीनने कागद गिळला, पलीकडून पोचल्याची चिठ्ठी आली. मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी होते. मी खोटा असा एकही शब्द बोलले नव्हते. बोलले होते तो शब्द दोन्ही भाषांच्या कोशात सापडतो.

दोनेक दिवसांनी मैत्रीण आली. हातात पासपोर्टसाठी काढलेले फोटो. केस घट्ट विंचरलेले, फोटोत आणि प्रत्यक्षातही. सरांनी तिला हळहळून सांगितलं की तुम्हारे पिताजी ने राजीनामा दे दिया, क्या करें. ती काही क्षण गोंधळली. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी थांबलं.

“राज़ीनामा किसने कहा, सर?”

सरांनी माझ्याकडे बोट केलं. आता मला बोलणं भाग होतं आणि आता मी खोटं बोलले, सरळ, कोणत्याही कोशाची मदत न घेता: “अंकलजींनी तेच म्हटलं.” तेही मराठीत. जन्मात पहिल्यांदा मी तिच्याशी मराठीत बोलले असेन.

ती माझ्याकडे बघत राहिली. आमच्या व्हरांड्यात दोन भावांच्या राज़ीनाम्यावर सगळ्यात आधी हसणारी ती. मला दोन्ही अर्थ माहीत आहेत, हे तिला माहीत होतं. तिला माहीत आहे, हे मला माहीत होतं. एकट्या सरांना काही माहीत नव्हतं आणि नेमक्या त्याच क्षणी त्यांना ज्ञान झालं.

“थांब थांब,” सर म्हणाले. “हिंदीत राज़ीनामा म्हणजे संमती असते का?” मग त्यांनी कपाळावर हात मारला आणि ते हसायला लागले. मनापासून, डोळ्यांत पाणी येईतो. भाषेची काय गंमत आहे बघा, म्हणाले. यावर एक लेख होईल, म्हणाले. हसू ओसरल्यावर त्यांना फॅक्स आठवला.

ते वरिष्ठांकडे धावले. मला वाटलं होतं, आता सगळं निस्तरलं जाईल, आणि खरं सांगते, मला त्याने थोडं हायसंही वाटलं असतं. पण वरिष्ठांनी विद्यापीठाच्या अब्रूचा विचार केला. एकदा एक नाव कळवलं, परत दुसरं कळवायचं, म्हणजे परदेशी लोकांसमोर आपली काय शोभा? त्यांना वाटेल इथे संमती आणि नकार यांतला फरक कळत नाही. आलेली संधी कायमची बंद होईल. या वर्षी ही जाऊ दे, पुढच्या वर्षी तिला नक्की पाठवू. मैत्रीण म्हणाली, “जी.” पुढच्या वर्षी ती योजनाच बंद पडली. विद्यापीठाची अब्रू मात्र राहिली.

मी एकदा तोंड उघडून म्हणू शकले असते की सर, चूक भाषेची नाही. वरिष्ठांनाही मग अब्रूचा वेगळा हिशेब करावा लागला असता. त्या दिवशी म्हणता आलं असतं, दुसऱ्या दिवशीही. मी तेव्हा थंडीचे कपडे विकत घेत होते.

घरी आईबाबांना किस्सा कळला. बाबा हसले, पण पूर्वीसारखे नाही. राजीनाम्याचा विनोद त्यांनी त्यानंतर व्हरांड्यात सांगितल्याचं मला आठवत नाही. त्यांना काही संशय आला होता का, ते मी विचारलं नाही. आमच्या घरात गोष्टी न विचारण्याची शिस्त होती आणि तिचा मला आयुष्यभर उपयोग झाला.

जर्मनीत काय शिकले? पुष्कळ शिकले. पहिल्याच आठवड्यात एक चर्चासत्र होतं, विषय: दोन संस्कृतींमधले गैरसमज. प्रत्येकाने आपल्या देशातलं एक उदाहरण द्यायचं. माझ्याकडे होतंच. मी राजीनाम्याची गोष्ट सांगितली: एक वडील, एक प्राध्यापक, एक शब्द, दोन अर्थ, आणि एका मुलीची हुकलेली संधी. वर्ग हळहळला. तिथल्या बाईंनी विचारलं की त्या मुलीचं पुढे काय झालं. मी म्हणाले, ती फार समजूतदार आहे. बाईंनी माझ्या निबंधावर ‘अत्यंत प्रामाणिक’ असा शेरा दिला. तो कागद मी घरी आणून लॅमिनेट केला नाही एवढाच काय तो माझा संकोच.

त्या एका सत्रामुळे मला पुढची फेलोशिप मिळाली, फेलोशिपमुळे नोकरी. आज मी पुण्यातल्या एका विद्यापीठात आंतरराष्ट्रीय विभाग बघते. मुलांना परदेशी पाठवते. दर वर्षी नव्या मुलांसमोर माझं एक भाषण असतं आणि त्यात राजीनाम्याचा किस्सा असतो. मुलं हसतात. मग मी गंभीर होऊन सांगते की बाळांनो, दुसऱ्याचं म्हणणं नीट ऐकायला शिका. इतकी वर्षं सांगून सांगून किस्सा गुळगुळीत झालाय. त्यात पापाजी स्वतःच ‘राज़ीनामा’ म्हणतात, अगदी झोकात, हात हवेत फिरवून. त्यांनी आयुष्यात कधी हात हवेत फिरवला नसेल.

यंदाच्या भाषणानंतर एक मुलगी माझ्याजवळ आली. लखनौची, आलमबागचीच निघाली. मी खूश झाले, म्हटलं, अरे वा. ती जरा संकोचत म्हणाली, “मॅम, एक बात पूछूँ? राज़ीनामा तो कचहरी का शब्द है. घर में ऐसे कौन बोलता है? बोलते, हम राज़ी हैं.”

मी म्हणाले, जुने लोक बोलायचे.

तिने मान हलवली. लखनौची मुलं मोठ्यांना खोटं पाडत नाहीत. पण ती जाताना एकदा मागे वळून बघून गेली. त्या बघण्याची मला ओळख पटली, आणि म्हणून हे लिहायला बसले.

किस्सा सांगताना त्यातून एक जागा मी नेहमी गाळते. ती आता सांगते.

माझं विमान आधी दिल्लीला होतं, अमौसीहून. तेव्हाचा अमौसीचा विमानतळ म्हणजे एसटी स्टँडला झाडूपोछा केल्यासारखा. निरोपाला आईबाबा, सर, कॉलनीतली चार घरं. आणि ते दोघंही आले होते. पापाजींच्या हातात ती निळी सूटकेस. माझी जुनी, पट्टे बांधलेली बॅग बघून त्यांनी जिभेने च् केलं. विमानतळाच्या फरशीवर बसून त्यांनी स्वतः माझे कपडे एका बॅगेतून दुसरीत भरले, दुकानदाराच्या सफाईने, जाड खाली, पातळ वर. आई नको नको म्हणत होती. मी नको म्हटलं नाही. पापाजी कुलपाची किल्ली माझ्या हातात देत म्हणाले, “रख लो, बेटी. हम तो राज़ी थे.” त्यात टोमणा नव्हता. त्यांना टोमणा मारता येत नसे. त्यांना अजूनही वाटत होतं की आपल्याच बोलण्यात काहीतरी कमी राहिलं आणि ते मला पटवून देत होते की तसं नव्हतं.

मग ती पुढे आली. सगळ्यांसमोर तिने माझा हात हातात घेतला, माझ्या ओढणीची घडी सारखी केली आणि हसत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “अच्छी चेष्टा की तूने.”

सर कौतुकाने म्हणाले, “व्वा, काय शुद्ध हिंदी!” पापाजींनीही मान हलवली; मुलीने मैत्रिणीच्या प्रयत्नांची तारीफ केली, त्यांना बरं वाटलं. बाबा खाली बघत होते.

हिंदी बोलणारं माणूस रोजच्या बोलण्यात चेष्टा म्हणत नाही. कोशिश म्हणतं. चेष्टा हा शब्द तिने आमच्या व्हरांड्यातून उचलला होता, बाबांच्या संग्रहातून, राजीनाम्याच्या शेजारचा. ती तो कुठल्या भाषेत बोलली, ते मी तिला आजतागायत विचारलेलं नाही. ती आलमबागलाच आहे. दुकान आता तीच बघते, तिथे परदेशी जाणाऱ्या मुलांची गर्दी असते असं ऐकते. लखनौला मी इतक्यांदा गेले, आणि प्रत्येक वेळी आलमबागच्या अलीकडेच रिक्षातून उतरले.

त्या दिवशी रांग पुढे सरकली होती, मागचा माणूस घाई करत होता, आणि मला काहीतरी उत्तर देणं भाग होतं. हिंदीत दिलं असतं तर एक अर्थ कबूल झाला असता, मराठीत दिलं असतं तर दुसरा. मी म्हणाले, “थँक यू.”